ये आता, कमान धरली

करंजमाळावरच्या इंग्रजी चर्चच्या पुढच्या पायरीवर दोन खळगे आहेत. पावलांएवढे. शेजारी शेजारी, टाचा जवळ आणि चवडे किंचित बाहेर. डोक्यावर ओझे घेऊन थांबलेली बाई उभी राहते तसे. पायरी काळ्या दगडाची आहे. पाऊस सरून महिने झाले तरी या खळग्यांत थोडे पाणी असते, आणि बुलबुल येऊन ते पितात. चर्चमध्ये जाणारे लोक त्यांच्यावर पाय देत नाहीत, कडेने चढतात.

दुसरी गोष्ट अशी की या चर्चचा फोटो रिकामा काढत नाहीत. पाथरवटवाडीतले कोणीतरी आधी कमानीखाली उभे राहते, मग फोटो निघतो, आणि तो निघाला की काढणाऱ्याने मोठ्याने म्हणायचे असते, "ये आता, कमान धरली." तसे म्हटल्याशिवाय उभे राहिलेले माणूस खाली उतरत नाही.

मला यातले काही माहीत नव्हते. जिल्ह्यातल्या इंग्रजांच्या वेळच्या इमारतींचे एक चित्रपुस्तक निघणार होते, त्याचे फोटो काढायचे काम मला मिळाले होते. डाकबंगले, कचेऱ्या, कबरस्ताने, घड्याळ बंद पडलेले मनोरे, खिडक्यांच्या रंगीत काचांऐवजी पत्रे ठोकलेले दवाखाने. पुस्तक काढणाऱ्या सरांनी निघतानाच बजावले होते, "इमारत स्वच्छ हवी. माणसं नकोत, दोरीवरची धुणी नकोत, मोटरसायकली नकोत." त्यामुळे गावोगाव फिरताना माझ्या तोंडी एकच वाक्य बसले होते, "जरा बाजूला होता का?" लोक होत असत. म्हातारे काठी शोधत उठत, बायका धुणे काढत, कोणी शेळी ओढून नेई. मग मी फोटो काढायचे, आणि फोटोत असे दिसायचे की ही इमारत कोणी बांधलीही नाही आणि कोणी तिच्या सावलीत बसतही नाही. करंजमाळ माझ्या यादीत शेवटचे होते. एसटीतून उतरले तेव्हा मी इतकी दमले होते की चर्च सुंदर आहे हेही मला जरा उशिराच जाणवले.

ते आहे मात्र सुंदर. इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यातून उचलून आणून करंजांच्या झाडांत ठेवावे तसे. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलांचे उतरते छप्पर, एका अंगाला घंटेचा बुटका मनोरा, आणि पुढे निमुळती होत वर टोकाला मिळणारी उंच कमान. कमानीच्या दोन्ही बाजूंना दगडात द्राक्षाचे वेल कोरले आहेत. पण जवळ जाऊन पाहिले तर पाने द्राक्षाची नाहीत, कारल्याची आहेत. कोरणाऱ्याने द्राक्षाचा वेल पाहिला नसणार.

मी तिपाई रोवली, कॅमेऱ्यात पाहिले, आणि मागून कोणीतरी म्हणाले, "रिकामा काढू नकोस गं."

मी दचकले. तिपाईला धक्का बसला, कॅमेरा खाली जायचाच, तो कसाबसा छातीशी धरला. मागे एक म्हातारी उभी होती, हिरव्या नऊवारीतली, गुडघ्यावर हात टेकून.

"अगं बया, घाबरलीस? मी काय भूत आहे?" ती म्हणाली. "भूत तिकडं आहे. पायरीवर."

वाडी चर्चच्या मागेच आहे. पहिल्या घराच्या ओट्यावर मिरच्या निवडत बसलेली एक बाई तिथूनच ओरडली, "आत्याबाई, पोरगी पार पांढरी पडली बघा! आधी तिला पाणी द्या, मग साळूची गोष्ट काढा."

"तू मिरच्या निवड," म्हातारी म्हणाली.

म्हातारीचे नाव भागाबाई, आणि ओट्यावरची तिची सून कमल. चर्चची किल्ली पूर्वीपासून यांच्याच घरात असते. भागाबाई चाफ्याखालच्या दगडावर बसली आणि मलाही बसवले. उजेड अजून कडक होता, तो मऊ व्हायला अवकाश होता, आणि खरे सांगायचे तर मला बसायचेच होते. तिने सांगितले ते असे.

फार मागे, इंग्रज या माळावर हवा खायला येऊ लागले तेव्हा, त्यांना आपल्या देशात असते तसे देऊळ हवे झाले. दगड इथलाच होता, पण तो घडवणारे हात इथे नव्हते. म्हणून घाटाखालून पाथरवट आणवले. त्यांच्या गावची विहीर आटली होती आणि जनावरे मेली होती, म्हणून ते बायकापोरांसह, भांडीकुंडी घेऊन वर आले. माळावर झोपड्या बांधल्या. परत जायला खाली काही उरले नव्हते, असे सांगतात. ही वाडी ती.

या पाथरवटांत एक रीत होती. कमान बांधताना खाली लाकडाचा आधार देतात. माथ्यावरचा शेवटचा दगड बसला की आधार काढायचा, मग कमान आपल्या जिवावर उभी राहते. तर हा आधार काढताना, ज्याने माथ्याचा दगड बसवला त्यानेच कमानीखाली उभे राहायचे. पडली तर त्याच्यावर पडेल. आणि कमान धरली, भेग गेली नाही, खडा सुटला नाही, अशी खात्री पटली की वाडीच्या नाईकाने हाक द्यायची, "ये आता, कमान धरली." हाक आली नाही तोवर पाऊल उचलायचे नाही. दुसऱ्याच्या कमानीखाली दुसऱ्याने उभे राहायचे नाही, हीही रीतच. ते अपशकुनी.

या कमानीचा दगड बसवला तो रावजी पाथरवटाने. त्याच्या बायकोचे नाव साळू. कारल्याची पाने तिनेच काढून दाखवली, असे वाडीत म्हणतात, साहेबाने कागदावर दिलेला वेल रावजीला कळेना, तेव्हा तिने परसातला वेल तोडून त्याच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "वेल तो वेल. साहेबाला काय कळतंय!"

"आणि खरंच नाही कळलं हो त्याला," ओट्यावरून कमल म्हणाली. "अजून कुणाला कळत नाही. तुम्हाला तरी कळलं होतं का, मॅडम?"

मी हो म्हटले, आणि का कोण जाणे, मला बरे वाटले.

माथ्याचा दगड बसला आणि रावजीला हिवताप भरला. माळावरचा हिवताप वाईट, उभा माणूस आडवा करतो. रावजीला अंथरुणावरून मान उचलवेना. नाईक म्हणाला, थांबू या. आधार राहू द्या, रावजी उठला की काढू.

पण बांधकामावर एक साहेब होता. त्याचे खरे नाव काय होते कोण जाणे, वाडीत त्याला पेटीवाला साहेब म्हणत. त्याच्यापाशी तीन पायांची लाकडी पेटी होती. डोक्यावर काळे फडके घेऊन तो तीत बघायचा आणि काचेवर चित्र उतरायचे. जे जे बांधले त्याचे चित्र तो विलायतेला पाठवी. तिकडून चर्चचे चित्र मागितले होते, बोट निघायची होती, आणि पेटीवाल्या साहेबाला लाकडाच्या आधारासकट चित्र नको होते. त्याने सांगितले, आधार आज निघाला पाहिजे. आणखीही सांगितले, चर्चच्या मागे या झोपड्या दिसतात, त्याने सगळे चित्र बिघडते. काम झाले की त्या उठवाव्या लागतील. आणि आज कमान उघडी झाली नाही, तर दुसरी टोळी आणीन, तुम्ही संध्याकाळच्या आत घाट उतरा.

वाडीच्या तोंडचे पाणी पळाले. खाली जायचे म्हणजे मरायला जायचे. आणि कमानीखाली कोण उभे राहणार? दुसऱ्याची कमान, कोणी पुढे येईना. खाली माणूस नसताना आधार काढायचा तर तीही रीत मोडणारच, आणि तशी काढलेली कमान टिकत नाही, असे मानत.

तेव्हा साळू रावजीच्या उशाशी बसली होती. ती उठली. पदर खोचला आणि नाईकाला म्हणाली, "दुसरं कोण कशाला हवं? मी त्याचं अर्धं अंग. अर्धा रावजी आडवा आहे, अर्धा उभा राहील."

नाईकाने पुष्कळ समजावले. ती ऐकेना. रावजीला ग्लानीत काय ऐकू आले कोण जाणे, त्याने तिचा पदर धरला. तिने त्याची बोटे सोडवली आणि म्हणाली, "कमान उभी राहिली की तूही उभा राहशील. मी तिला तसं सांगून येते." हाच तिचा नवस, असे सांगतात. देवापुढे बोललेला नव्हे, दगडापुढे बोललेला.

साळू पायरीवर जाऊन उभी राहिली. अनवाणी. पाथरवटांनी आधाराच्या पाचरी ठोकून सैल केल्या, लाकडे एकेक करून काढली. वरून थोडी माती गळली, ती तिच्या केसांत पडली. तिने ती झटकली नाही. कमान उभी राहिली.

आता नाईकाने हाक द्यायची. पण साहेबाने घाई मांडली होती. ढग येत होते, उजेड जात होता. तो ओरडला, सगळे बाजूला व्हा, चित्रात कोणी नको, आवाज नको. त्याच्या शिपायांनी सगळ्यांना करंजांच्या झाडांमागे हाकलले. नाईकालाही. आणि साहेब साळूला म्हणाला, तूही हो बाजूला.

साळू हलली नाही. तिला हाक आली नव्हती.

साहेबाने पुन्हा सांगितले. शिपायाने दरडावले, पण कमानीखाली जाऊन तिला ओढायची त्याची छाती होईना, कारण कमान ताजी होती आणि जीव सगळ्यांना असतो. उजेड चालला होता. शेवटी साहेब चरफडत फडक्याखाली गेला. त्या काळी चित्र उतरायला वेळ लागे, आणि उजेड कमी असला की फारच. मधे कोणी हलले तर ते चित्रात येतच नाही, नुसता धूर दिसतो. साहेबाने विचार केला असेल, ही बाई कितीशी उभी राहील? हलेल, आणि पुसली जाईल.

साळू हलली नाही.

नेमके तेव्हाच रावजीच्या झोपडीतून रडे उठले. त्याचे डोळे फिरले होते. झाडांमागची सगळी माणसे तिकडे धावली, नाईकही धावला. कोणी त्याचे तळपाय चोळले, कोणी काढा पाजला, कोणी नुसतेच त्याचे नाव घेत बसले. बाहेर साहेबाने पेटी मिटली आणि घोडा धरला. ढग खाली आले. या माळावर ढग जमिनीवर चालतात, हातभर पलीकडचे दिसत नाही.

इथे भागाबाई थांबली. गोष्ट विसरली असे मला वाटले, पण ती दमली होती. तिने गुडघे चोळले. "इथंच सगळं चुकलं बघ," ती म्हणाली.

सगळ्यांना वाटले, नाईकाने हाक दिली असणार. नाईकाला वाटले, आपण झोपडीकडे धावलो तेव्हा मागे राहिलेल्या कोणीतरी दिली असणार. बायकांना वाटले, साळू केव्हाच आली असेल, असेल इथेच, पाणी तापवत असेल. झोपडीत इतकी माणसे होती आणि त्यांत ती नाही हे कोणाच्या ध्यानात आले नाही. उजाडता उजाडता रावजीचा ताप उतरला. त्याने डोळे उघडले आणि पहिले विचारले, "कमान धरली का?"

"धरली, धरली," सगळे म्हणाले.

"मग साळू कुठं आहे?"

तेव्हा नाईकाने बाकीच्यांकडे पाहिले, आणि बाकीच्यांनी नाईकाकडे. "तू म्हणालास ना?" "मी? मला वाटलं तुम्ही."

सगळे धावत सुटले. ढग अजून होता. पायरीपाशी पोचेपर्यंत नाईक ओरडत होता, "ये आता, कमान धरली! ये आता!" कमान उभी होती. पायरीवर कोणी नव्हते. दगडात दोन पावले होती, आणि त्यांत दव साठले होते.

कोणी म्हणतात ती दगडात उतरली. कोणी म्हणतात ती ढगाबरोबर गेली. वाडीतले मानतात की ती उतरलेली नाही, अजून उभी आहे. हाक वेळेवर आली नाही, म्हणून आपल्याला दिसायची थांबली, इतकेच.

साहेबाने काच धुतली, तेव्हा म्हणे ती पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून पाहिली. भिंती जराशा धूसर आल्या होत्या, झाडे तर हलून गेली होती, पण कमानीखालची बाई स्वच्छ होती, केसांतल्या मातीसकट. एवढा वेळ कोणी जिवंत माणूस हलल्याशिवाय राहत नाही. त्याने झोपड्यांचा विषय पुन्हा काढला नाही. वाडी राहिली. ती आजपर्यंत आहे.

रावजी म्हातारा होऊन मेला. रोज दिवे लागायच्या वेळी तो पायरीपाशी जाऊन म्हणे, "ये आता, साळू." पण हळू म्हणे, असे सांगतात. जवळच्यालाही ऐकू येणार नाही इतके हळू. कारण वाडीत दोन मते पडली होती. काहींचे म्हणणे, तिला मोकळी करा, बाई थकली असेल. काहींचे म्हणणे, नका हाक मारू, ती उतरली तर कमान पडेल, आणि कमान पडली तर आपण कुठे जाऊ? रावजीला दोन्ही खरे वाटत असावे.

"मग पुढं असं झालं," भागाबाई म्हणाली, "की कोणी चर्चचं चित्र रिकामं काढलं की वरून माती गळायची. आता म्हणशील, जुनी इमारत, गळणारच. गळू दे. पण वाडीनं ठरवलं, ती एकटी नको उभी राहायला. चित्र निघतंय तोवर आपल्यातलं एक माणूस तिच्या सोबतीला. आणि हाक चित्र काढणाऱ्यानं द्यायची. नाईकानं दिली, रावजीनं दिली, आम्ही सगळ्यांनी देऊन पाहिली, ती उतरली नाही. कुणाच्या आवाजानं उतरेल सांगता येत नाही. म्हणून येईल त्याच्याकडून म्हणवून घेतो."

"आणि कमान पडली तर?" मी विचारले. मला खरेच भीती वाटली. विचारताना मी वर पाहिलेसुद्धा.

भागाबाई हसली नाही. "दगडाला उभं राहायला बाई लागत नाही, पोरी. आपल्याला वाटतं, लागते."

मग तिने मला आत नेले. दाराजवळच्या भिंतीवर एका चौकटीत जुना, तपकिरी पडलेला फोटो आहे. चर्च दिसते. कमानीखाली उभा पांढरट पट्टा दिसतो, ओल लागल्यासारखा. मी जवळ जाऊन पाहिले.

"काय दिसतं?"

"डाग," मी म्हणाले, आणि लगेच वाईट वाटले.

"मला लुगडं दिसतं," ती म्हणाली. "भांडायचं कशाला?"

बाहेर उजेड मऊ झाला होता. मी तिपाईपाशी गेले. सरांचे वाक्य डोक्यात होते, आणि "जरा बाजूला होता का" जिभेवर होते. या पुस्तकातले फोटो नापसंत ठरले तर पुढचे काम मिळणार नव्हते.  भागाबाई गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढली, कडेने, आणि खळग्यांच्या शेजारी उभी राहिली. तिने पदर सारखा केला, समोर पाहिले आणि ती हलायची थांबली. मला जिभेवरचे वाक्य गिळावे लागले.

सूर्यावर ढगाचा तुकडा आला. तो सरायची वाट पाहावी लागली. मी मनातल्या मनात म्हणत होते, मावशी, बसा थोडं. पण ती बसणार नाही हे मला कळले होते. ढग सरला, मी बटण दाबले, आणि त्याच क्षणी मनोऱ्यातली कबुतरे फडफडून उठली. मी इतकी दचकले की माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. मग आपलीच लाज वाटून मी भराभर कॅमेरा पिशवीत घातला, तिपाई मिटली, पट्टा खांद्याला अडकवला. चार पावले गेल्यावर मागे पाहिले.

भागाबाई तशीच उभी होती. पाय थरथरत होते.

"या आता, मावशी," मी म्हणाले.

ती हलली नाही. "मला नको बोलावूस. तिला बोलाव. मोठ्यानं."

 रिकाम्या पायरीकडे पाहून मोठ्याने बोलायचे, तेही वडीलधाऱ्या बाईला अगं-तुगं करून, आणि ती वडीलधारी किती जुनी! पण भागाबाईचे पाय मला दिसत होते. मी म्हणाले, "ये आता, कमान धरली." आवाज चर्चच्या भिंतीवर आपटून परत आला, अगदी दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

भागाबाईने वाट पाहिली. माझ्याकडे न पाहता शेजारी पाहिले, खळग्यांकडे. मग श्वास सोडला आणि कडेने खाली उतरली.

"नाही?" मी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "बघू. उद्या पुण्याची सहल येणार आहे."

"आत्याबाई," कमल ओट्यावरून ओरडली, "साळूला म्हणून झालं असेल तर आता तुम्ही पण या. चहा उकळून आटला!"

पुस्तक निघाले. सरांनी फोटो पाहून विचारले होते, ही बाई कोण मधे? मी सांगितले, तिच्याशिवाय निघत नाही. ते पुष्कळ चिडले, पण दुसरा फोटो नव्हता. त्या पुस्तकात एवढ्या एकाच इमारतीपुढे माणूस उभे आहे. पांढरट डाग मात्र माझ्या फोटोत नाही. मी भिंग लावून पाहिले आहे.

करंजमाळाची कमान आजही उभी आहे, कारल्याच्या पानांसकट. आजही पाथरवटवाडीतले कोणीतरी तिच्याखाली उभे राहते, आणि आलेला माणूस, मग तो कुठलाही असो, कोणत्याही भाषेचा असो, वाडीतल्यांनी शिकवलेले ते शब्द रिकाम्या पायरीला ऐकवतो. गुडघे टेकीला आल्यापासून भागाबाई उभी राहत नाही, कमल राहते. पायरी आजही कडेने चढतात. खळग्यांत आजही पाणी असते. साळू ज्याच्या हाकेने उतरेल तो आवाज अजून सापडलेला नाही, असे सांगतात.